हाडांचा हिशेब

रविवारी सकाळी इंदूरच्या छावनीतल्या एका चिकनच्या दुकानात घडलेली गोष्ट अगदीच किरकोळ होती. रांगेतल्या तरुणानं बोनलेस मागितलं. दुकानदारानं आख्खी कोंबडी फळीवर ठेवली, छातीचे दोन्ही भाग सुरीनं अलगद सोडवले, मांड्यांमधली हाडं ओढून काढली आणि उरलेला सांगाडा, मान, पंखांची टोकं शेजारच्या बादलीत भिरकावली. तरुण पैसे देऊन गेला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनी बादलीकडे बोट करून अस्सल इंदुरी थाटात विचारलं, "भिया, ये हड्डियाँ किधर जा रई हैं?" दुकानदार हसला. पाऊण किलो हाडं जवळजवळ फुकटात पिशवीत पडली, आणि काकूंनी आपल्यासाठी फक्त अर्धा किलो कोंबडी घेतली. त्या दिवशी त्यांच्या घरी पाच-सहा माणसं जेवली असणार आणि रस्सा कमी पडला नसणार. हे सगळं दोन मिनिटांत झालं, पण बादलीतली ती हाडं नेमकी कुणाची, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

हिशेब मांडून बघावा. कातडी काढलेल्या एक किलो कोंबडीतून निव्वळ मांस निघतं साधारण सहाशे ग्रॅम. बाकी हाडं, सांधे, थोडी चरबी. समजा, आख्ख्या कोंबडीचा भाव २२० रुपये किलो आहे आणि बोनलेसचा ३८०. सहाशे ग्रॅम बोनलेस पडलं २२८ रुपयांना. तेवढंच मांस आख्ख्या कोंबडीत २२० ला आलं. फरक आठ रुपयांचा. सोडवून, साफ करून देण्याची मजुरी धरली तर आठ रुपये काहीच नाहीत. दुकानदार लुबाडतोय असं कुणी म्हणू नये. खरा तोटा बादलीत आहे. त्या साडेतीनशे-चारशे ग्रॅम हाडांत दीड लिटर पाणी, एक चिरलेला कांदा, आल्याचा तुकडा आणि पाच-सहा मिरी घालून कुकरला शिटी आल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवलं, की सव्वा लिटरच्या आसपास दमदार पाणी हाती येतं. त्यात दुसऱ्या दिवशीचा पुलाव होतो किंवा चार माणसांचा रस्सा. हाडांना चिकटलेलं मांस बोटांनी सोडवलं तर वाटीभर निघतंच. ते बटाट्यात कालवून पॅटिस करता येतात.

भावफलकाची आणखी एक गंमत म्हणजे जिवंत भाव आणि कापलेला भाव. दोन किलोची जिवंत कोंबडी सोलून, साफ करून हातात येते तेव्हा जेमतेम सव्वा ते एक किलो चारशे ग्रॅम भरते. बोकडाचं तर निम्म्याहून कमी होतं: वीस किलोच्या जिवंत बोकडाचं नऊ-दहा किलो. त्यामुळे गावाकडून 'स्वस्तात' बोकड आणून चार घरांत वाटे घालण्याचा बेत ठरतो तेव्हा किलोचा भाव दुपटीनं धरूनच बोलावं. शिवाय मुंडी, पाये, वजडी कोण नेणार हे आधी ठरवावं. ते नेणारं घर नसेल तर तो सौदा दुकानापेक्षा महागच पडतो.

मटणाच्या दुकानात इंदूरचा मराठी माणूस हिंदीच बोलतो, आणि तिथले शब्द माहीत असणं म्हणजे निम्मी बचत. 'अच्छावाला देना' म्हणणाऱ्याला कसाई आपल्या मनाचं देतो. रान, म्हणजे मागची मांडी, ही प्रतिष्ठेची जागा. दिसायला भरीव, पण चरबी कमी, आणि नुसती रस्स्यात टाकली तर लगेच चिवट होते. घरच्या रस्स्याला उत्तम ती दस्ती, म्हणजे पुढचा पाय, आणि सीना, म्हणजे छाती. दस्तीचं मांस मऊ, त्यात नळी येते. सीन्याची कुरकुरीत हाडं आणि चरबी रस्स्याला तवंग देतात. गर्दन, म्हणजे मान, ही सगळ्यांत दुर्लक्षित जागा. तिला शिजायला दहा मिनिटं जास्त लागतात, पण हाडालगतचं मांस इतकं चवदार दुसरीकडे कुठे नसतं. एक किलोत अर्धी दस्ती, पाव सीना, पाव गर्दन असं सांगून घ्यावं आणि तुकडे चाळीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगावेत. त्याहून मोठे तुकडे ताटात दिसतात छान, पण मसाला आत पोचत नाही आणि वाढताना पंचाईत होते. खिमा कधीही तयार घेऊ नये. दस्ती किंवा गर्दन डोळ्यांदेखत निवडून, तिथंच कुटून घ्यावी. तयार खिम्यात चरबी आणि फेपसा (फुप्फुस) किती गेला आहे ते कढईतच कळतं: पाणी सुटत राहतं, खिमा आकसतो आणि वर तेलाचा थर येतो. थोडी चरबी हवीच, किलोला दीडशे ग्रॅमपर्यंत. तिच्याशिवाय खिमा भुशासारखा लागतो. बकऱ्याची कलेजी आता मटणापेक्षा स्वस्त राहिलेली नाही. कोंबडीची पोटा-कलेजी मात्र अजूनही गरिबाची मेजवानी आहे. पोट्याच्या आतली पिवळी साल सोलून काढायची, पोटे आधी कुकरला वीस मिनिटं शिजवायचे आणि कलेजी शेवटच्या पाच-सात मिनिटांतच टाकायची. दोन्ही एकदम टाकलं तर पोटे चामड्यासारखे राहतात नि कलेजीचा चुरा होतो.

आता रविवारच्या चिवट मटणाबद्दल. सकाळी सातला कापलेला बोकड अकराला शिजायला लागतो, आणि मग 'या खेपेला जून दिलं' म्हणून कसायाच्या नावानं शिमगा होतो. पुष्कळदा बोकड कोवळाच असतो. प्राणी मारल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात आणि तो ताठा उतरायला बोकडाच्या बाबतीत रात्रभर तरी लागते, कोंबडीला काही तासच पुरतात. ताठर अवस्थेत आचेवर चढलेलं मांस कितीही शिट्या दिल्या तरी दोऱ्या-दोऱ्यांचंच लागतं. शनिवारी संध्याकाळी मटण आणावं, धुऊन पूर्ण निथळावं, किलोला दहा ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून, झाकून, फ्रिजच्या तळच्या कप्प्यात ठेवावं. शनिवारी दुकानात गर्दीही नसते, सुरीला घाई नसते, मागाल ती जागा मिळते. कच्च्या पपईचा मोह होतोच. पण किलोला एक मोठा चमचा वाटलेली पपई आणि तासाभराहून जास्त नाही. रात्रभर ठेवली तर वरचं मांस लगदा होतं आणि आतलं तसंच राहतं. शिट्या मोजणं हेही फसवं. कुणाच्या कुकरची शिटी मिनिटाला होते, कुणाच्या पाच मिनिटांना. पहिली शिटी झाली की आच अगदी मंद करून घड्याळ लावावं: कोवळ्या मटणाला वीस-पंचवीस मिनिटं, जुनाला पस्तीस-चाळीस. दाब आपोआप उतरू द्यावा. शिटी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांस कोरडं पडतं.

आणि मग टर्की.

इंदूरच्या मराठी घरांतली मुलं न्यू जर्सीला, डॅलसला गेली आणि टर्की आपोआप कुटुंबाच्या ग्रुपवर आली. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिथं थँक्सगिव्हिंग. त्याआधी दोन-तीन आठवडे मोठी दुकानं गोठवलेली टर्की पदरचे पैसे घालून विकतात, कधी ठराविक रकमेच्या खरेदीवर फुकटही देतात, कारण गिऱ्हाईक टर्कीसाठी आलं की बाकीची पिशवी तिथंच भरतं. त्या दिवसांत तिथं टर्कीइतकं स्वस्त मांस दुसरं नसतं. हिशेबी घरं एक सणाला आणि एक फ्रीझरला अशा दोन घेतात. नीट गोठलेली आख्खी टर्की वर्षभर टिकते. पण सहा किलोचा तो दगड पहिल्यांदा घरी आणणाऱ्याचा फोन रामबागेत किंवा लोकमान्य नगरात आईला येतो: 'आता याचं करू काय?' आईनं जन्मात टर्की पाहिलेली नसते, तरी तिचं पहिलं उत्तर बरोबर असतं. आधी तुकडे कर.

आख्खी टर्की भाजण्यात अडचण अशी की छाती आणि तंगडी हे दोन वेगळे स्वभाव. छातीचं मांस ७४ अंश सेल्सिअसला तयार होतं आणि त्यापुढे प्रत्येक मिनिटाला कोरडं पडत जातं. तंगडीतल्या शिरा आणि चिवट पडदे विरघळायला त्याहून जास्त उष्णता आणि जास्त वेळ लागतो. एकाच भांड्यात दोघांनाही न्याय देणं म्हणजे कसरत. ती सणाला करावी. घरखर्चात तिचं काम नाही. गोठलेली टर्की फ्रिजमध्येच सुटू द्यायची, दर दोन किलोला एक दिवस धरून. म्हणजे सहा किलोला पूर्ण तीन दिवस. ओट्यावर ठेवली तर बाहेरचं मांस नासायला लागतं तेव्हा आतला गोळा अजून बर्फच असतो. पोटाच्या पोकळीत एक पुडी असते, मान आणि पोटा-कलेजीची. ती न काढता टर्की ओव्हनमध्ये घालणारे दरवर्षी निघतात. वेष्टनावर मिठाच्या पाण्याचं प्रमाण छापलेलं असेल, तर ती आधीच खारवलेली आहे. तिला पुन्हा मिठाच्या पाण्यात बुडवू नये आणि मसाल्यातलं मीठ निम्मं करावं.

इकडे इंदुरात टर्की रोज दुकानात टांगलेली दिसत नाही. पाळणाऱ्याकडे आधी सांगून ठेवावी लागते आणि ती ब्रॉयलरपेक्षा महागच पडते. तिचं अंडं उबायलाच २८ दिवस लागतात, कोंबडीचं २१; पिल्लं पहिले काही आठवडे फार नाजूक, नुसतं दाणापाणी शोधायलाही शिकवावं लागतं त्यांना. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत टर्कीवर काम चालतं, आणि दक्षिणेत, विशेषतः तमिळनाडू-केरळात ती पाळणारी घरं पुष्कळ. माळव्यात अजून ती नवलाईच. तेव्हा भाव बघून टर्की घेऊ नये. चार-पाच घरांनी मिळून घ्यायची असेल, किंवा मोठा पक्षी फोडून आठवडा कसा काढायचा ते शिकायचं असेल, तर जरूर घ्यावी.

साफ केलेल्या पाच किलोच्या टर्कीत हाडासकट छाती भरते पावणेदोन ते दोन किलो, मांड्या आणि तंगड्या मिळून दीड किलोच्या आतबाहेर, पंख अर्ध्या किलोच्या थोडे वर, आणि पाठीचा सांगाडा, मान धरून उरलेला किलोभर. आपल्या घरातल्या तीस लिटरच्या ओव्हनमध्ये ही आख्खी धड मावत नाही, ते बरंच आहे. मांडी आणि धड यांच्यामधली कातडी कापून मांडी बाहेरच्या बाजूला वाकवली की खुब्याचा सांधा आपणहून बाहेर येतो. तिथं सुरी घालायची, हाडावर घाव घालायचा नाही. तंगडीच्या खालच्या भागात पांढऱ्या कडक काड्या असतात, हाडासारख्या कडक झालेल्या शिराच त्या. कच्च्या मांसातून त्या निघता निघत नाहीत. कुकरमध्ये अर्धा तास शिजल्यावर मात्र चिमटीत धरून ओढल्या की सरसर सुटतात. लहान मुलांच्या ताटात जाण्याआधी त्या मोजून काढाव्यात. मांडी-तंगडीचा रस्सा करावा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा, अगदी मटणासारखा. हे गडद मांस तो मसाला पेलतं. छातीला मात्र कुकर दाखवू नये. तिच्या आडव्या, बोटभर जाड पट्ट्या काढून दही, आलं-लसूण आणि तिखटात दोन तास ठेवाव्यात आणि तव्यावर तेल सोडून भाजाव्यात. उरलेल्या छातीचा खिमा. पण त्यात किलोला दोन-तीन मोठे चमचे तेल किंवा बारीक चिरलेली कातडी घातल्याशिवाय तो ओलसर राहत नाही. पंख, मान आणि सांगाडा पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन खेपांना शिजवावे, कारण कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नसतो. चौघांच्या घराला एवढ्यात सहा-सात जेवणं निघतात.

कडकनाथाचं नाव इथे कुणीतरी काढणारच. त्याचं घर झाबुआ, आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, २०१८ मध्ये त्या कोंबडीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला ती खायची असते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. कडकनाथ पाच-सहा महिने चरून-टिपून सव्वा-दीड किलो. भाव तिथेच ठरला. काळं मांस, काळी हाडं, चरबी नावापुरती. मंद आचेवर तास-सव्वा तास दिला तर चव वेगळी आहे यात वाद नाही. पण ते महिन्याच्या खर्चात बसणारं मांस नव्हे, आणि चिकन लॉलीपॉपच्या रेसिपीनं ते करणं म्हणजे पैसे पाण्यात.

पुरवठ्याला आणण्याची खरी युक्ती शेजाऱ्यांकडून आली आहे. डाळ-गोश्त हा काही मराठी पदार्थ नव्हे, पण इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत तो आता आपलाच आहे. अर्धा किलो हाडासकट मटण, दोनशे ग्रॅम चणाडाळ तासभर भिजवलेली, चारशे ग्रॅम दुधी. मटण मसाल्यात परतून आधी एकटंच पंधरा मिनिटं दाबाखाली शिजवायचं. मग डाळ घालून आणखी दहा मिनिटं. दुधीचे मोठे तुकडे शेवटी, झाकण न लावता. सगळं एकदम घातलं तर डाळीची पेज होते, दुधी दिसेनासा होतो आणि मटण कच्चं राहतं. चिंच किंवा आमचूर अगदी अखेरीस, कारण आंबट लवकर पडलं तर डाळ शिजत नाही. सहा माणसांना भातावर हे पुरून उरतं. रस्स्यात बटाटे घालण्याची आपली जुनी पद्धतही तीच; फक्त बटाटे दाब उतरल्यावर घालावेत, आणि एक-दोन मुद्दाम कुस्करावेत म्हणजे रस्सा मिळून येतो.

बटाट्याचा विषय निघाला की मन थोडं खट्टू होतं. जुन्या घरांतली ती सुगरण काटकसर, किलोभर मटणात दहा माणसांची पंगत उठवण्याची, तिचं कौतुक खूप होतं. पण ते पुरायचं कसं? पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुलं. नळी आजोबांना किंवा जावईबापूंना. शेवटच्या पंगतीला पातेल्यात रस्सा, बटाटे आणि कलथ्याला लागलेलं एखादं हाड, आणि तोंडानं, "मला काय, मला रस्साच आवडतो." कुणी तिला कधी उलट विचारलं नाही. मांस स्वस्त झालं नव्हतं. एका माणसाच्या ताटातलं कमी केलं होतं. बचत करायची ती फळीवर आणि कुकरमध्ये करावी, वाढताना नव्हे. चाळीस ग्रॅमच्या हिशेबानं किलोत पंचवीस तुकडे येतात. सहा माणसं असतील तर प्रत्येकाचे चार, एक शिल्लक. भांडं जेवणाच्या टेबलावर जाण्याआधी स्वयंपाक करणारीचे, किंवा करणाऱ्याचे, चार तुकडे झाकून बाजूला ठेवावेत. नळ्या दोनच असतील तर त्या पाळीपाळीनं द्याव्यात. यावरून घरात पहिल्या रविवारी थोडी कुरबूर होते. होऊ द्यावी.

कधी घ्यायचं, याबाबतीत मात्र इंदूरच्या मराठी माणसाला पंचांगानं एक सवलत दिलेली आहे. आपल्या हिंदी शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. आपला श्रावण त्यानंतर पंधरवड्यानं, आषाढी अमावास्येनंतर. मधले ते पंधरा दिवस शहरातली अर्धी गिऱ्हाइकं दुकानाकडे फिरकत नाहीत, मागणी उतरते आणि तिच्यामागून कोंबडीचा भावही. हीच वेळ. चारशे-चारशे ग्रॅमच्या पिशव्या करून, दाबून चपट्या करून, तारीख लिहून गोठवाव्यात. चपटी पिशवी फ्रिजमध्ये रातोरात सुटते, गोळा करून ठेवलेली दुसऱ्या दुपारपर्यंत मधून दगडच. मात्र फ्रीझर किती थंड आहे त्यावर साठा ठरवावा. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत जाईलच असं नाही, आणि जुलैत इंदुरात पावसाबरोबर वीजही येते-जाते. त्यात श्रावण, मग लगेच गणपती, आणि पाठोपाठ पितृपक्ष. बऱ्याच घरांत दोन-अडीच महिने पिशवीला हात लागत नाही. म्हणून साठा गटारीपर्यंत संपेल एवढाच करावा, त्या रात्री फ्रीझर पूर्ण रिकामा करून पुसून घ्यावा, आणि हाडांच्या पाण्याची एखादी पिशवी राहिलीच असेल तर सरळ सावन न पाळणाऱ्या शेजाऱ्याला देऊन टाकावी.